प्रकल्प नोंदी: आल्प्सचे घाट, एक मोटरसायकल आणि आम्ही दोघे

११ जानेवारी २०२५, मुलुंड

आजपासून ही वही सुरू करते आहे. रस्तेबांधणीच्या कामांवर सव्वीस वर्षे साइट डायरी लिहिली असल्यामुळे, ज्या कामाची रोजची नोंद नाही ते काम झालेच नाही असे मानण्याची सवय अंगात मुरली आहे. काम असे की, येत्या सप्टेंबरात म्युनिक येथे मोटरसायकल भाड्याने घ्यायची, ऑस्ट्रिया आणि इटलीतील आल्प्सचे घाट ओलांडायचे आणि दहा दिवसांत म्युनिकला परत यायचे. यजमान चालवणार आणि मी मागे बसणार. यजमान अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, मी चौपन्नची. मला मोटरसायकल चालवता येत नाही. पण मागे बसणारे माणूस म्हणजे बोलणारे सामान, ही समजूत मला मान्य नाही. म्हणून पहिलीच नोंद नियमाची करून ठेवली आहे: दोघांपैकी कोणीही "थांबू या" म्हटले की गाडी पहिल्या सुरक्षित जागी थांबेल, आणि ती थांबेपर्यंत कारण विचारले जाणार नाही. या ओळीखाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

२६ जानेवारी, मुलुंड

सुट्टीचा दिवस नकाशात गेला. या वहीत 'खिंड' म्हणजे डोंगराचा माथा ओलांडण्याची जागा आणि 'घाट' म्हणजे तिथवर चढणारा रस्ता, असा अर्थ धरते, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही.

दोन घाट नक्की झाले आणि दोन्हींचे निमित्त चांगले आहे. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर घाटरस्त्याला यंदा ९० वर्षे पूर्ण होतात. फ्रान्झ वालाक या अभियंत्याने त्याची आखणी केली, मंदीच्या काळात हजारो हातांना त्या कामाने रोजगार दिला आणि ऑगस्ट १९३५ मध्ये तो खुला झाला. ४८ किलोमीटर लांबी, ३६ हेअरपिन वळणे (केसांच्या पिनेसारखी, रस्ता जवळजवळ उलटा फिरवणारी) आणि २,५०४ मीटरवरची होखटोर खिंड. दुसरा घाट इटलीतील स्टेल्व्हियोचा. तो याहून कितीतरी जुना आहे. इटलीचा लोम्बार्डी प्रांत ऑस्ट्रियन साम्राज्याच्या ताब्यात असताना कार्लो डोनेगानी याने १८२० ते १८२५ या काळात तो बांधला, म्हणजे यंदा त्याला २०० वर्षे होत आहेत. आपल्या बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्याच्याही पाच वर्षे आधी, कळसूबाईच्या माथ्याहून अकराशे मीटर उंच जागी, सुरुंगाची दारू, पहारी आणि खेचरे यांच्या बळावर कोणी घोडागाडीचा रस्ता नेला होता, हे वाचल्यावर तो रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१६ फेब्रुवारी, मुलुंड

मार्ग असा ठरला: म्युनिक, फुश, ग्रोसग्लॉकनर, लिएन्झ, डोलोमाइट डोंगरातील कोर्व्हारा, मेरानो, प्राड, स्टेल्व्हियो, बोर्मिओ, तिथून स्वित्झर्लंडच्या एका कोपऱ्यातून रेशन तलाव, मग लांडेक, इम्स्ट, रॉयटे आणि परत म्युनिक. यजमानांच्या पहिल्या आराखड्यात स्वित्झर्लंडमधील फुर्का आणि ग्रिमझेल या खिंडीही होत्या व रोजचे अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात जात होते. मी ते खोडले. सपाट महामार्गावरचे तीनशे आणि घाटातले तीनशे यांची बरोबरी होत नाही, आणि मागच्या सीटवर तर मुळीच होत नाही. कारण चालवणाऱ्याला पुढचे वळण आधी दिसते, तर मागच्याला ते शरीराला जाणवते तेव्हाच कळते. दिवसाला दोनशे किलोमीटर ही वरची मर्यादा ठरली. यजमान थोडे हिरमुसले, पण त्यांनी मान्य केले.

तारखाही ठरल्या. गणपती २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे. घरचे गणपती दीड दिवसाचे असले तरी सोसायटीचे विसर्जन झाल्याशिवाय निघणे यजमानांना पटणारे नव्हते. दुसऱ्या टोकाला, २० सप्टेंबरला म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो आणि तेव्हा तिथे खोली परवडत नाही. त्यामुळे ८ सप्टेंबरच्या रात्री निघून १९ ला परत फिरायचे. ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि उंच खिंडी बर्फाने बंद व्हायला सहसा अवकाश असतो, हाही हिशेब त्यात आहे.

९ मार्च, मुलुंड

गाडीची निवड. यजमानांना १,२०० सीसीच्या वरची मोठी गाडी हवी होती आणि मागच्या बैठकीचा विचार केला तर ती अधिक सुखाची असते, हे खरे आहे. तरीही आम्ही ८९५ सीसीची बीएमडब्ल्यू एफ ८०० जीएस नोंदवली. सीटची उंची ८१५ मिलिमीटर असल्यामुळे यजमानांचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात, आणि २२७ किलो वजन हे आमच्या घरच्या १९९ किलोच्या हिमालयन मोटरसायकलहून फार दूरचे नाही. दोघांचे, कपड्यांचे आणि सामानाचे मिळून १७८ किलो भरले. त्यापुढे गाडीच्या दोन बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्यांचे वजन आहेच. वजनकाट्यावर बूट घालून उभे राहिलो, कारण बूट आणि जॅकेट मिळून माणशी सहा-सात किलो सहज होतात आणि ते बहुतेक जण मोजत नाहीत.

६ आणि ७ एप्रिल, आंबेनळी घाट

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे सरावाला पुण्याच्या बाजूने न जाता गोवा महामार्गाने पोलादपूर गाठले आणि आंबेनळी घाट दोन दिवसांत चार वेळा चढलो-उतरलो. मागे बसण्याचे माझे शिक्षण इथे सुरू झाले. वळण घेताना चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे पाहायचे, म्हणजे शरीर गाडीबरोबर आपोआप कलते. भीतीने उलट बाजूला ताठ झाले की गाडी वळणाबाहेर ढकलली जाते. उतारावर ब्रेक लागताना यजमानांच्या पाठीवर भार टाकायचा नाही, दोन्ही हात टाकीवर रेटून आपले वजन आपणच सांभाळायचे. पहिल्या उतरणीला माझे मनगट दुखले, चौथ्या उतरणीला दुखले नाही.

हेल्मेटमधील इंटरकॉम वाऱ्यात अडखळतो, म्हणून खुणाही ठरवल्या. पाठीवर एक थाप म्हणजे वेग कमी करा. उजव्या खांद्यावर दोन थापा म्हणजे उजवी बाजू धरा, कारण तिकडे वाहतूक उजवीकडून चालते आणि सवयीने डावीकडे जाण्याची चूक पेट्रोल भरून बाहेर पडताना किंवा रिकाम्या रस्त्यावर हमखास होते.

२० एप्रिल, मुलुंड

आंबेनळीचा सराव आपल्याला हवे ते शिकवत नाही, हे आज कागदावर रेघोट्या मारताना लक्षात आले. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आपल्याकडे डावे हेअरपिन आतल्या बाजूचे, म्हणजे लहान त्रिज्येचे आणि खड्या चढाचे असते आणि उजवे रुंद असते. आल्प्समध्ये हे उलटे होते. तिथे उजवे वळण अवघड. आता मोटरसायकलची रचना पाहावी. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. डाव्या वळणात मध्येच थांबावे लागले, तर गाडी डावीकडे कलते, डावा पाय टेकतो आणि उजवा पाय ब्रेकवर राहतो. उजव्या चढत्या वळणात थांबावे लागले, तर उजवा पाय जमिनीवर टेकावा लागतो, मागचा ब्रेक सुटतो आणि सगळी गाडी एकट्या पुढच्या ब्रेकवर तोलावी लागते, तीही हँडल वळलेले असताना. चढावर, दोन माणसांचे वजन असताना, ही गाडी आडवी होण्याची खात्रीची कृती आहे.

यजमानांना हे दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अगं, तीस वर्षे चालवतोय, पण हे असं मांडून कधी पाहिलंच नव्हतं."

४ मे, मुलुंड

वर चढणारे लहान उजवे वळण मुंबईत कुठे मिळेल, याचे उत्तर आमच्याच इमारतीत सापडले. पोडियम पार्किंगचा रॅम्प उजवीकडे वळत चढतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी रविवारी सकाळी सहा ते सात अशी परवानगी दिली आणि वॉचमनने वरच्या तोंडाशी उभे राहून गाड्या थांबवण्याचे काम आपणहून घेतले. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, नजर रॅम्पच्या वरच्या टोकावर ठेवून यजमान एकटे वीस फेऱ्या आणि मला घेऊन दहा फेऱ्या करतात. नजर जमिनीकडे गेली की गाडी तिथेच अडखळते, हे मागे बसूनही कळते. पावसाळा सुरू होईपर्यंत दर रविवारी हे चालू ठेवायचे आहे.

२३ मे, मुलुंड

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हातात आला. अर्ज नमुना ४ए, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. घरी येऊन उघडला तेव्हा दिसले की, शिक्का फक्त 'बी' वर्गावर म्हणजे मोटारगाडीवर मारला आहे आणि 'ए' म्हणजे मोटरसायकलचा रकाना कोरा आहे. यजमानांच्या मूळ लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलची नोंद स्पष्ट आहे, अर्जातही ती होती. कोऱ्या रकान्यानिशी म्युनिकला पोहोचलो असतो, तर गाडी ताब्यात मिळाली नसती आणि अपघात झाला असता तर विमाही उभा राहिला नसता. दुरुस्तीसाठी तीन खेपा आणि नऊ दिवस गेले. कार्यालयाची खिडकी सोडण्यापूर्वी शिक्का पाहावा, हे मी इथे जाड अक्षरात लिहून ठेवते आहे, कारण ही चूक दोन सेकंदांत पकडता आली असती.

२९ जून, मुलुंड

व्हिसा. विमान म्युनिकला उतरते म्हणून जर्मनीकडे अर्ज करावा, असे सगळेच सांगत होते. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) नियम असा आहे की, ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. मुक्काम सारखे असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरायचा. आमच्या रात्री मोजल्या तर इटलीत पाच, ऑस्ट्रियात तीन आणि जर्मनीत दोन. म्हणून अर्ज इटलीकडे केला. माणशी शुल्क ९० युरो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा.

विम्याने मात्र पुन्हा वाचायला बसवले. पहिल्या पॉलिसीच्या बारीक अक्षरांत, दुचाकी चालवताना किंवा दुचाकीवर मागे बसून प्रवास करताना झालेली इजा वगळलेली होती. म्हणजे व्हिसासाठी तो कागद चालला असता, आमच्यासाठी तो निरुपयोगी होता. दुचाकी प्रवास लेखी मान्य करणारी दुसरी पॉलिसी जास्त हप्ता भरून घेतली.

१७ ऑगस्ट, मुलुंड

बाहेर धो धो पाऊस असताना खोलीभर थंडीचे कपडे पसरले आहेत. दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. प्राड गाव ९०० मीटरच्या थोडे वर आहे आणि स्टेल्व्हियो खिंड २,७५७ मीटरवर; म्हणजे जेमतेम २५ किलोमीटरच्या चढात बारा अंशांचा फरक पडणार. म्हणून एक जाड जॅकेट न घेता तीन पातळ थर घेतले आहेत. ऑस्ट्रियात मोटरसायकलवरही प्रथमोपचाराची पेटी सक्तीची आहे, ती तिथे गाडीसोबत मिळेल की नाही याची लेखी खातरजमा केली. दशम्या, मेतकूट आणि लसणाची कोरडी चटणी यांना पेटीत दोन किलो मंजूर केले आहेत.

१० सप्टेंबर, म्युनिक ते फुश

सकाळी गाडी ताब्यात घेतली. प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढले. हवेचा दाब इथे बारमध्ये मोजतात. दोन माणसांसाठी मागचे चाक २.९ बार, म्हणजे आपल्या पंपावरच्या ४२ इतके. मागचा सस्पेन्शन दोघांच्या वजनासाठी कडक करून घेतला. टाकीवर पिवळ्या चिकटपट्टीचा उजवीकडे दाखवणारा बाण लावला.

नोंदणीपत्रात 'यू १' या रकान्यात गाडी उभी असतानाच्या आवाजाचा आकडा असतो, तोही पाहून घेतला. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताने २०२० पासून रॉयटे भागातील ठरावीक रस्त्यांवर उन्हाळ्याच्या मोसमात ९५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाच्या मोटरसायकलींना बंदी केली आहे आणि परतीचा आमचा घाट त्यात येतो. आमच्या गाडीचा आकडा मर्यादेच्या आत आहे. डोंगरातल्या गावकऱ्यांनी शांततेसाठी असा नियम करून घेतला, याबद्दल मला आदर वाटतो.

मी उजव्या खांद्यावर दोन थापा आज अकरा वेळा मारल्या.

११ सप्टेंबर, फुश ते लिएन्झ

ग्रोसग्लॉकनर. टोलनाक्यावर सकाळी साडेआठला होतो. या रस्त्याची प्रशंसा प्रवासी त्याच्या दृश्यांसाठी करतात. मी रस्त्याच्या माणसाच्या नजरेने लिहिते. चढ जवळजवळ एकसारखा ठेवला आहे, वळणे रुंद आहेत आणि प्रत्येक हेअरपिनवर क्रमांकाचा फलक आहे. नव्वद वर्षांपूर्वी मोटारींसाठीच आखलेला असल्यामुळे उजवी वळणेसुद्धा अंगावर येत नाहीत. यजमानांचे खांदे सातव्या-आठव्या वळणानंतर सैल झालेले मला मागून दिसले.

एडेलवाइसस्पिट्झे या २,५७१ मीटरच्या टोकाकडे जाणारा शेवटचा तुकडा दगडी फरसबंदीचा, अरुंद आणि खडा आहे. फरशी ओली होती. मी खाली उतरून चालत वर गेले आणि यजमान एकटे गाडी घेऊन आले. पुढे होखटोरचा बोगदा ओलांडला की डोंगराची दुसरी बाजू निराळ्या उजेडात दिसते. पास्टर्त्से हिमनदी पाहण्याच्या जागेवरून बर्फ खूप खाली गेलेला दिसतो, मधल्या उघड्या दगडांचा करडा पट्टा फार मोठा आहे. तिथे आम्ही दोघेही बोललो नाही.

१२ आणि १३ सप्टेंबर, कोर्व्हारा

डोलोमाइटचे सुळके फिकट असतात आणि संध्याकाळी गुलाबी होतात, हे खरे आहे. सेला डोंगराभोवती पोर्दोई, सेला, गार्देना आणि काम्पोलोंगो या चार खिंडींचे कडे एका दिवसात होते आणि सामान खोलीवर ठेवून हलक्या गाडीने ते केले. पोर्दोईचा माथा २,२३९ मीटर. शनिवार असल्यामुळे सायकलस्वार आणि मोटरसायकली यांची रांगच रांग होती.

पाट्यांवर जर्मन आणि इटालियनच्या बरोबरीने लादिन ही इथल्या खोऱ्यांची छोटी भाषाही लिहिलेली असते. मोजक्या खोऱ्यांची भाषा शाळेत शिकवली जाते आणि पाटीवर टिकून राहते, हे पाहून बरे वाटले.

पेट्रोलपंपावर एक सावधगिरी: इटलीत 'गासोलिओ' म्हणजे डिझेल आणि 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल. नावावरून उलटा समज होतो.

१४ सप्टेंबर, कोर्व्हारा ते त्राफोई

ही नोंद सविस्तर करते आहे, कारण नियोजनातली चूक माझी होती. आज रविवार आहे आणि मी स्टेल्व्हियोचा चढ दुपारी तीनला ठेवला होता. प्राडच्या बाजूने चढताना ४८ हेअरपिन आहेत. क्रमांक खाली ४८ पासून सुरू होतात आणि माथ्यावर एकपर्यंत उतरत जातात. हा घोडागाडीच्या काळातला रस्ता आहे, त्यामुळे वळणाआधीचा सरळ तुकडा मध्यम चढाचा असला तरी वळणाची आतली बाजू एकदम खडी होते.

एकोणतिसावे वळण उजवे होते. आम्ही वळणात शिरलो आणि वरून उतरणारी बस पूर्ण रस्ता व्यापून समोर आली. तिच्या चालकाचे काहीच चुकले नाही, तेवढ्या लांबीच्या वाहनाला तिथे दुसरा मार्ग नसतो. यजमानांनी थांबवले, उजवा पाय टेकवला, आणि एप्रिलमध्ये मी कागदावर काढलेली आकृती आमच्या अंगाखाली जशीच्या तशी घडली. गाडी एक वीतभर मागे सरकली, पुढचा ब्रेक कडक दाबला गेला, हँडल वळलेले होते. गाडी सावकाश, जणू बसायला जागा शोधत असावी तशी उजवीकडे आडवी झाली. पेटीने भार घेतल्यामुळे माझा पाय खाली अडकला नाही. गुडघा खरचटला. यजमानांच्या अंगठ्याला मुरगळ आली. बसचालक हातकाठीचा ब्रेक लावून खाली उतरला, मागून आलेले दोन मोटरसायकलस्वारही धावले आणि तिघांनी यजमानांसह गाडी उभी केली. उजव्या पेटीवर लांब ओरखडा आणि उजवा आरसा तुटलेला, एवढेच नुकसान.

यजमानांनी वर पाहिले. माथ्यावरची इमारत दिसत होती. ते म्हणाले, "बस पुढे गेली की निघू." मी म्हणाले, "अहो, थांबू या."

त्यांनी कारण विचारले नाही. रस्ता मोकळा झाल्यावर पुढच्या रुंद जागेत गाडी फिरवली आणि पहिल्या गिअरमध्ये त्राफोई गावापर्यंत परत उतरलो. बोर्मिओच्या खोलीचे पैसे बुडाले. रात्री जेवताना ते म्हणाले, "हात थरथरत होते माझे. तुला दिसलं का ते?" दिसले नव्हते. माझे गुडघे थरथरत होते, म्हणून मी थांबायला सांगितले होते.

१५ सप्टेंबर, त्राफोई ते बोर्मिओ

सोमवार, सकाळी पावणेआठ. आरशाच्या जागी तात्पुरता आरसा गावातल्या गॅरेजवाल्याने बसवून दिला. काल रात्री मी कामाची नवी वाटणी लिहिली होती: प्रत्येक उजव्या वळणाआधीच्या सरळ तुकड्यावर मी मान वर करून वरचा पुढचा टप्पा पाहायचा आणि वाहन नसेल तर "मोकळे", असेल तर "गाडी" एवढा एकच शब्द बोलायचा. यजमानांनी वर पाहायचे नाही, वळणाच्या बाहेरच्या कडेवरून शिरायचे आणि वळणाच्या शेवटाकडे नजर ठेवायची. "गाडी" म्हटले तर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही पाय टेकवून थांबायचे.

एकोणतिसावे वळण मोकळे होते. काल तेल सांडले नव्हते, फक्त दगडावर पेटीच्या रंगाची रेघ होती. त्यानंतर मी दोनदाच "गाडी" म्हणाले. एकदा दुधाचा टँकर आणि एकदा सायकलस्वारांचा जथा. बाविसाव्या वळणाच्या आसपास झाडे संपतात आणि वरच्या सगळ्या पायऱ्या एकदम समोर उभ्या राहतात. दगडावर दगड रचून उभारलेल्या संरक्षक भिंती एकावर एक, प्रत्येक भिंतीवर रस्त्याची एक घडी. ज्या गवंड्यांनी त्या रचल्या, त्यांना वर्षातले थोडेच महिने काम करता येत असणार, बाकीचे दिवस बर्फाखाली जात असणार. भिंतीचा पाया उताराला काटकोनात कापून घेतलेला एके ठिकाणी उघडा दिसला, तिथे मी यजमानांना थांबायला लावले. हात लावून पाहिला. दगड गार आणि किंचित ओला होता, सांध्यांत शेवाळ होते आणि दगड कुठेही हललेला नव्हता.

माथ्यावर आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पोहोचलो. तापमान ४ अंश. दुकाने उघडत होती. दशमी आणि चटणी खाल्ली, गरम चॉकलेट प्यायलो आणि बोर्मिओच्या बाजूने उतरलो. उतरताना इंजिनाच्या ब्रेकवर भर दिला आणि तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटे थांबून ब्रेक निवू दिले.

१६ सप्टेंबर, बोर्मिओ ते रेशन तलाव

बोर्मिओहून परत चढताना स्टेल्व्हियो खिंडीच्या थोडे खालून उंब्रेल खिंडीचा फाटा फुटतो. २,५०१ मीटरवरची ही स्वित्झर्लंडमधील सर्वांत उंच डांबरी खिंड आहे. महामार्ग वापरत नसल्यामुळे स्विस टोलचिठ्ठीची गरज पडली नाही. स्वित्झर्लंडमध्ये दीड तास होतो.

रेशन तलावात चौदाव्या शतकातील चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला आहे. १९५० मध्ये विजेच्या धरणासाठी पाणीपातळी वाढवली तेव्हा ग्राउन गाव बुडाले, दीडशेहून अधिक घरे गेली. पर्यटक छायाचित्रे काढत होते. उजनीच्या पाण्यात पळसदेवचे देऊळ असेच उभे राहते आणि पाणी उतरले की जुन्या गावचे लोक तिथे जातात. आम्ही काठावर बराच वेळ बसलो.

१७ सप्टेंबर, रॉयटे

हानटेनयोख घाट, १,८९४ मीटर. सकाळी पाऊस, म्हणून इम्स्टला तीन तास थांबून मग चढलो. आवाजाच्या बंदीचे फलक पाहिले. घाटात दरडीचे दगड पडलेले होते, आपल्या माळशेजसारखेच. "मोकळे" आणि "गाडी" चालू ठेवले.

१८ सप्टेंबर, म्युनिक

गाडी परत केली. एकूण १,१४० किलोमीटर. पेटी आणि आरसा यांपोटी अनामत रकमेतून ३४० युरो वजा झाले. पडल्याची जागा, वेळ आणि छायाचित्रे मी आधीच लिहून दिली होती, त्यामुळे वाद झाला नाही. टाकीवरची चिकटपट्टी काढून घेतली.

२७ सप्टेंबर, मुलुंड

अनामत खात्यात जमा झाली. गुडघ्याची खपली पडली. यजमानांचा अंगठा अजून सकाळी आखडतो, डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले आहेत. म्हणून आज हिमालयन फक्त सर्व्हिसिंगला न्यायची होती. मी मागे बसले. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना रस्ता रिकामा होता आणि गाडी उजव्या कडेला जाऊ लागली. मी डाव्या खांद्यावर दोन थापा मारल्या.